पाणी चढतंय की उतरतंय? धरणाच्या जलाशयात ऋतूप्रमाणे लूर टाकण्याची रीत

"कुठला लूर (माशाला भुलवणारं नकली आमिष) लावू?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, "पाणी चढतंय की उतरतंय?" बहुतेक वेळा समोरचा गप्प होतो. डब्यात वीस लूर असतात, रॉड झकास असतो, पण धरणाचं पाणी गेल्या आठवड्यात किती हललं हे ठाऊक नसतं. मग दिवसभर फेकाफेक करून माणूस रिकाम्या हाताने परततो आणि दोष लूरच्या रंगाला देतो.

गोंधळाचं मूळ परदेशी व्हिडिओंत आहे. "वसंतात मासा अंडी घालायला उथळावर येतो" हे पाठ करून मार्चमध्ये गुडघाभर पाण्यात उभे राहिलेले लोक मी दरवर्षी पाहतो. तिकडचा बास हा शिकारी मासा तिकडची थंडी सरली की उबेला उथळावर येतो, ते तिकडे खरं. आपल्याकडे मरळ, शिवडा, महसीर यांच्या विणीचा मुख्य काळ पावसाळा. मार्चमध्ये आपल्या धरणांचं पाणी कालव्याने शेताकडे निघालेलं असतं आणि मासा खोलाकडे सरकलेला असतो. महाराष्ट्रातल्या धरणावर ऋतू ठरतो तो आधी पातळीने, मग उन्हाथंडीने. पुढचा सगळा क्रम याच हिशेबाने मांडला आहे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. लूर शिकारी माशासाठी असतो. कटला वरच्या थरातलं प्लवक खातो, रोहू मधल्या थरात वनस्पती आणि शेवाळ, मृगळ तळाचा गाळ चाळतो. हे मासे कधीमधी लूरला लागतात, पण त्यांच्यासाठी लूर घेऊन बसणं म्हणजे गाईपुढे मटण ठेवणं. त्यांना पिठाचा गोळा आणि गळ बरा. लूरचे मासे म्हणजे मरळ, शिवडा, शिंगाळा, महसीर (काही भागांत खडस म्हणतात), आणि घरट्यावर बसलेली चिडकी चिलापी.

## टप्पा १: आधी विचारा, मग रॉड काढा

राज्यातल्या बहुतेक जलाशयांचा मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे किंवा ठेकेदाराकडे असतो. त्यांनी पैसे भरून मत्स्यबीज सोडलेलं असतं. "मी तर एक गळ टाकतोय" हे उत्तर त्यांना पटत नाही, आणि पटायचं कारणही नाही. काठावरच्या वस्तीत जा, संस्थेचा माणूस कोण ते विचारा, त्याच्याशी बोला. पुष्कळदा थोडी फी घेऊन किंवा नुसत्या बोलण्यावर परवानगी मिळते. शिवाय जाळी कुठे लावली आहेत ते कळतं, ते वेगळंच.

धरणाची भिंत, सांडवा, विद्युतगृह आणि कालव्याचं तोंड हा परिसर प्रतिबंधित असतो. तिथे उभं राहू नका. नाथसागरावर (जायकवाडीच्या जलाशयावर) पक्षी अभयारण्य आहे, कोयनेच्या फुगवट्याचा मोठा भाग कोयना अभयारण्यात येतो. अशा ठिकाणी वनखात्याचे नियम वेगळे लागतात.

सावध: धरणाच्या खालच्या बाजूला नदीपात्रात उतरून मासेमारी पावसाळ्यात अजिबात नको. विसर्ग वाढवताना भोंगा वाजतो, पण दगडावर उभं राहून पाण्याच्या आवाजात तो ऐकू येईलच असं नाही.

## टप्पा २: मे महिन्यातली पायपीट

हा टप्पा जवळपास प्रत्येक जण गाळतो. माझ्या मते वर्षभराच्या यशाचा अर्धा वाटा इथेच आहे.

पाणी सर्वांत खाली गेलेलं असतं तेव्हा, म्हणजे मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, रॉड घरी ठेवून जलाशयावर जा. पावसाळ्यानंतर दहा-पंधरा फूट पाण्याखाली जाणारी सगळी जमीन तुमच्यासमोर उघडी पडलेली असते. जुनी विहीर, पडक्या घराची जोती, बांध, बाभळीचे खुंट, ओढ्याची घळ, जुन्या रस्त्याचा भराव. उजनीत पळसदेवचं पळसनाथाचं जुनं मंदिर पाणी ओसरलं की बाहेर येतं. बघ्यांची गर्दी मंदिराचे फोटो काढते, तुम्ही मंदिराच्या आसपासच्या भिंती आणि उतार टिपून घ्या.

काय टिपायचं ते क्रमाने:

1. ओढा किंवा नाला मुख्य पात्राला मिळतो ती जागा. वर्षातल्या चारही काळांत उपयोगी पडणारी जागा हीच.
2. सपाट जमीन संपून एकदम उतार सुरू होतो ती कड. मासा या कडेने ये-जा करतो.
3. एकटं पडलेलं काहीही. मैदानात एकच खुंट असेल तर शंभर खुंटांच्या रानापेक्षा तो चांगला, कारण मासा कुठे असेल याचा अंदाज लागतो.
4. गाळपेराची शेतं. पाणी हटलं की शेतकरी त्या गाळात कलिंगड, हरभरा, चारा घेतात. जुलैत तेच धसकट पाण्याखाली जातं आणि तिथे किडे, बेडूक, लहान मासळी यांची चंगळ होते.

प्रत्येक जागेचा मोबाईलवर ठिपका टाका आणि फोटो काढा. फोटोत काठावरची न हलणारी एक खूण हवीच: डोंगराचं नाक, टॉवर, देवळाचा कळस. नोव्हेंबरमध्ये सगळीकडे नुसतं पाणी दिसतं तेव्हा ती खूणच कामाला येते.

सावध: नुकता उघडा पडलेला गाळ वरून वाळलेला दिसतो, आत लोणी असतं. एकदा एप्रिलमध्ये मी भेगा पडलेल्या कडक जमिनीवरून चालत होतो आणि तिसऱ्या पावलाला मांडीपर्यंत आत गेलो. बूट आजही तिथेच आहे. हातात काठी ठेवा, पुढे टोचत चला, आणि एकटे जाऊ नका.

## टप्पा ३: पातळी आणि गढूळपणा मोजा

धरणांचा रोजचा पाणीसाठा जलसंपदा विभाग जाहीर करतो आणि वर्तमानपत्रांतही तो येतो. निघण्याआधी शेवटच्या सात दिवसांचे आकडे पाहा. टक्के किती यापेक्षा ते वाढताहेत, घटताहेत की जागेवर आहेत हे महत्त्वाचं. "उजनी उणे झाली" अशी बातमी आली की लोक समजतात पाणी आटलं. उणे म्हणजे उपयुक्त साठा संपला. त्याखालचा, कालव्यात न सोडता येणारा मृत साठाच उजनीत ६३ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर आहे. तेवढ्या पाण्यात मासा असतो, उलट जास्त दाटीने असतो.

आकडे नसतील तर काठावर पोहोचल्या पोहोचल्या पाण्याच्या रेषेवर एक काडी रोवा आणि दोन तासांनी पाहा. ओली माती वर दिसते की काडी बुडते, एवढं कळलं तरी पुरे.

दोन धरणांना एकच गणित लावू नका. कोयना धरण १०३ मीटर उंच, दोन्ही बाजूंनी डोंगर. तिथे पातळी एक मीटर उतरली तर काठ चार पावलं सरकतो. जायकवाडी सुमारे ४१ मीटर उंचीचं, पण पाणी पसरतं साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास. शंभर फुटांना एक फूट असा उतार असेल तर पाणी फूटभर उतरताच काठ शंभर फूट मागे जातो. गेल्या रविवारची जागा या रविवारी कोरडी मिळते ती यामुळे.

मग गढूळपणा. लूरच्या डब्याचं पांढरं झाकण दोरीला बांधा, वजन लावा आणि सावलीत पाण्यात सोडा. दिसेनासं होईल ती खोली मोजा.

- एका वितीच्या आत गायब: मासा डोळ्यांनी नाही, पाण्यातल्या थरथरीने शिकार शोधतोय. आवाज करणारा, पाणी हलवणारा, गडद रंगाचा लूर.
- वीत ते हातभर: सगळं चालतं. स्पिनरबेट (फिरतं पातं लावलेला लूर) आणि क्रँकबेट (पुढे ओठासारखी पट्टी असलेला, ओढला की बुडणारा) यांचा काळ.
- हातभरापेक्षा खोल: चंदेरी, मातकट, नैसर्गिक रंग, लूर लहान, लीडर (दोराच्या टोकाला जोडलेला वेगळा तुकडा) बारीक, फेक लांब आणि तुमची सावली पाण्यावर नको.

गढूळ पाण्यात चमकदार लाल लावणारे बरेच असतात. निवळ पाण्यात खोल गेलं की सर्वांत आधी लाल रंगच मावळतो, आणि गढूळ पाण्यात तर सगळेच रंग लवकर मावळतात. खोलावर तो काळपट दिसतो, म्हणून कधीकधी लागतोही. पण मग सरळ काळाच लावा की.

## टप्पा ४: सामान कमी, पण जुळलेलं

साडेसहा ते सात फुटांचा मीडियम हेवी रॉड, ३००० ते ४००० आकाराचं स्पिनिंग रील आणि ब्रेडेड लाइन, म्हणजे विणलेला दोर. पाणवनस्पतीत मरळीसाठी ४० ते ५० पाउंडांचा ताण सोसणारी, मोकळ्या पाण्यात २० पाउंडांची पुरते. फ्रॉगला लीडर लागत नाही, ब्रेड थेट बांधा. शिवड्यासाठी मात्र ४० ते ६० पाउंडांचा जाड मोनो (एकपदरी नायलॉनचा) लीडर हवाच. त्याच्या जबड्यात बारीक दातांचे पट्टे असतात. ते दोर एका फटक्यात कापत नाहीत, घासून घासून तोडतात, आणि तुटते ती नेमकी काठाजवळ.

लूर सहा प्रकारचे पुरतात, प्रत्येकी एक फिका आणि एक गडद:

- फ्रॉग, म्हणजे पोकळ रबरी बेडूक
- स्पिनरबेट, १० ते १४ ग्रॅम
- स्पून, म्हणजे चमच्यासारखी धातूची पट्टी, १२ ते १८ ग्रॅम
- उथळ बुडणारा क्रँकबेट
- आत छर्रे वाजणारा लिपलेस, म्हणजे पुढची पट्टी नसलेला क्रँकबेट
- जिग हेडवरचा (डोक्याशी वजन असलेल्या गळावरचा) पॅडल टेल, म्हणजे शेपूट हलवणारा मऊ रबरी मासा

पॉपर (पाण्यावर आवाज करत उडणारा लूर) असेल तर न्या, नसेल तर अडत नाही.

तपासा: फ्रॉग बोटांच्या चिमटीत दाबा. रबर सहज दबून दोन्ही गळ उघडे पडले पाहिजेत. नवा कडक फ्रॉग तसा दबत नसेल तर मरळ शंभर वेळा तोंड मारेल आणि शंभर वेळा सुटेल. गळ नखावर टेकवून ओढा. घसरला तर धार लावा. आणि प्रत्येक गळाचा काटा (टोकाच्या मागचा उलटा बार्ब) पकडीने दाबून टाका. मासा सोडायला सोपं पडतं, आणि स्वतःच्या बोटातून काढायलाही.

## टप्पा ५: चार काळ, चार रीती

### चढतं पाणी: जूनअखेर ते ऑगस्ट

लोक याच काळात सर्वांत जास्त चुकतात, कारण समोर अथांग पाणी दिसतं आणि हात आपोआप लांब फेकायला धावतो. मासा मात्र तुमच्या मागे असतो, असं म्हटलं तरी चालेल. पाणी गवतात, धसकटात, बांधावरच्या झुडपांत शिरतं तसा तोही शिरतो. गांडुळं, नाकतोडे, बेडूक, सगळं आयतं वाहून येतं.

रीत अशी. काठापासून दहा पावलं मागेच थांबा. पहिल्या चार फेकी काठाला समांतर, गुडघाभर पाण्यात, गवताच्या कडेने टाका. फ्रॉग गवतावर टाकून हळूहळू मोकळ्या पाण्यात उतरवा आणि उतरला की थांबवा. मनात पाच अंक मोजा. एक हलका झटका. पुन्हा थांबा. मरळ बहुतेक वेळा थांबलेल्या फ्रॉगवर येते. सारखा ओढत राहिलात तर ती मागे येईल, पण तोंड उघडणार नाही.

ओढ्याच्या मुखाशी दोन पाणी मिळतात: वरून आलेलं लाल आणि धरणाचं निवळ. दोन्हींमध्ये डोळ्यांना दिसेल अशी रेघ असते. स्पिनरबेट लाल पाण्यात टाकून निवळ बाजूकडे ओढा, उलटं नको. शिवडा रेघेच्या निवळ अंगाला तोंड करून असतो. तो मुख्यतः रात्रीचा शिकारी, पण गढूळ पाण्यात आणि ढगाळ दिवसात दुपारीही फिरतो.

सावध, आणि हा मुद्दा सोडू नका: याच काळात पाण्यावर लालसर-नारिंगी पिल्लांचा लुकलुकता गोळा दिसतो. घमेल्याएवढा असतो, एकदम वर येतो, एकदम खाली जातो, पाऊस पडल्यासारखे बारीक ठिपके उठतात. ती मरळीची पिल्लं. खाली आईबाप राखणीला असतात आणि गोळ्यात पडलेल्या कुठल्याही वस्तूवर तुटून पडतात. तिथे लूर टाकून मरळ काढणं ही जगातली सर्वांत सोपी मासेमारी आहे, आणि म्हणूनच ती करू नये. आईबाप गेले की चिलापी आणि बाकीचे मासे तासाभरात गोळा साफ करतात. पुढच्या चार वर्षांच्या मरळी तुम्ही एका फेकीत घालवलेल्या असतात.

विजा चमकू लागल्या की कार्बनचा रॉड खाली ठेवून काठापासून दूर जा. कार्बन वीज वाहतो.

### भरून थांबलेलं पाणी: सप्टेंबर, ऑक्टोबर

धरण भरलं, सांडवा वाहून थांबला, गाळ खाली बसू लागला. पाणी दर आठवड्याला निवळत जातं. सर्वांत सोपा काळ हाच; नव्या माणसाने इथून सुरुवात करावी.

मासा अजून उथळातच असतो, पण आता गवताच्या आत नाही, बाहेरच्या कडेला. बुडालेलं गवत कुजायला लागतं, आतल्या पाण्यातला प्राणवायू घटतो, म्हणून तो बाहेर येतो. गवताच्या आत हात घालून पाहा; अंड्यासारखा कुजका वास आला तर आत फ्रॉग टाकत बसू नका. कडेने क्रँकबेट किंवा स्पिनरबेट ओढा, बांधाच्या दगडाला हलका ठोकत. ठोकर लागली की क्षणभर थांबायचं. फटका तिथे बसतो.

ऑक्टोबरच्या उन्हात पाणी आरशासारखं झालं की सकाळी नऊनंतर लूर लहान करा.

### हळू उतरतं, थंड पाणी: नोव्हेंबर ते फेब्रुवारी

रब्बीची आवर्तनं (कालव्याने पाणी सोडायच्या पाळ्या) सुरू होतात. पाणी उतरतं, पण दमाने. माशाचं शरीर पाण्याइतकंच थंड असतं, त्यामुळे त्याची भूक आणि चपळाई दोन्ही मंदावतात. इथे एकच नियम: उशिरा जा आणि हळू ओढा. धुक्यात सहाला पोहोचून कुडकुडण्यात काही नाही. दहा ते चार हा वेळ धरा. दक्षिणेकडे तोंड असलेला, काळ्या दगडांचा किंवा काळ्या मातीचा, वाऱ्याच्या आडचा काठ निवडा. तो लवकर तापतो.

पॅडल टेल तळाला टेकवा, हातभर सरकवा, थांबा. कंटाळा येईल इतकं हळू. फटका जोरात येत नाही. दोर फक्त जड होतो, ओलं फडकं अडकल्यासारखा. तेवढ्यावर ओढायचं. शिंगाळा तळाशीच फिरतो आणि याच पद्धतीने लागतो. काढताना मात्र जपून, त्याच्या पाठीच्या आणि कल्ल्यामागच्या पंखांचे काटे बोटात खोल जातात.

मरळ थंडीतही श्वास घ्यायला वर येते, कारण तिला हवेतला प्राणवायू लागतोच. "टुप्" असा आवाज आणि एकच मोठं वर्तुळ. त्या वर्तुळावर फेकू नका. ती कुठल्या बाजूला वळली ते लाटेच्या फुगीवरून पाहा, दोन हात पुढे टाका आणि लूर तिच्या वाटेत आणा.

### झपाट्याने उतरतं पाणी: मार्च ते जूनचा पाऊस

उन्हाळी आवर्तनं आणि बाष्पीभवन दोन्ही एकदम. काठ रोज सरकतो. मासा सपाटीवर थांबत नाही. अडकून पडायची भीती त्याला असते. तो जुन्या नदीपात्राच्या कडेला, ओढ्याच्या घळीत आणि उरलेल्या डोहांत गोळा होतो. गेल्या मे महिन्यात टाकलेले ठिपके आता उघडा.

इथे खोल धरण आणि पसरट धरण यांत मोठा फरक पडतो. डोंगरातल्या खोल जलाशयात वरचं पाणी तापून हलकं होतं आणि खालच्या गार पाण्यावर तरंगतं. दोन्ही मिसळत नाहीत, आणि अगदी तळाशी प्राणवायू फार कमी उरतो. "उन्हात मासा खोल जातो" म्हणून चाळीस फुटांवर जिग सोडणारा माणूस रिकाम्या खोलीचं दार ठोठावत असतो. मधल्या थरात स्पून चालवा: टाका, मोजत बुडू द्या, पाच अंकांवर ओढा, पुढच्या फेकीला आठ, मग अकरा. ज्या अंकावर फटका आला तो धरून ठेवा. पसरट जलाशयात वारा पाणी घुसळत राहतो, तिथे असा थर टिकत नाही. तिथे वाऱ्याचा काठ पाहा, म्हणजे वारा जिकडे पाणी ढकलतोय तो. तोंडावर वारा घेऊन फेकायला त्रास होतो, पण लहान मासळी तिकडेच लोटलेली असते.

वेळ पहाटेचा आणि दिवेलागणीचा. हिरवंगार शेवाळी पाणी असेल तर पहाटेपेक्षा संध्याकाळ बरी. रात्रभर शेवाळ प्राणवायू वापरत असल्याने उजाडताना तो सर्वांत कमी असतो.

सावध: मेमध्ये चार-पाच फूट उरलेल्या डोहात मासा दाटीने असतो, पटापट लागतो. दोन काढा आणि पुढे चला. पाऊस आला की हेच मासे विणीला वर चढणार आहेत.

## टप्पा ६: एका जागी फेकींचा क्रम

जागा बरोबर असूनही लोक क्रम चुकवतात. जवळून दूर, वरून खाली, वेगात मग हळू.

1. काठाजवळच्या फेकी आधी. मासा जवळ असेल आणि तुम्ही त्याच्या डोक्यावरून लांब फेकलंत तर दोराच्या सावलीने तो पसार.
2. पृष्ठभागावरचा लूर आधी, तळाचा शेवटी. जिग तळात अडकून ओढाताण झाली की ती जागा निदान अर्धा तास गेली.
3. पंख्यासारख्या सात-आठ फेकी. प्रत्येक फेकीत एक गोष्ट बदला: वेग, किंवा खोली, किंवा थांबण्याचा काळ. तिन्ही एकदम बदलले तर काय लागू पडलं ते कळत नाही.
4. एवढ्यात काही नाही तर लूर बदलू नका, जागा बदला. तीन जागांवर काही नाही झालं तरच डबा उघडा.

मासा मागे येऊन वळला तर लगेच तोच लूर त्याच जागी नको. पाच मिनिटं थांबा, आकाराने लहान काहीतरी घ्या.

## टप्पा ७: फटका, ओढणं, सोडणं

फ्रॉगवर पाणी फुटलं की हात आपोआप वर जातो आणि फ्रॉग उडून तोंडावर येतो. ही चूक मी स्वतः दोन पावसाळे केली. पाणी फुटणं म्हणजे मासा लागणं नव्हे. रॉड खाली, पाण्याकडे रोखलेला ठेवा. "एक, दोन" म्हणा. दोरीत वजन जाणवलं की मगच जोरात मारा. बाकी लूरना हा नियम नाही, तिथे वजन लागताच मारा.

मरळ लागली की ती पहिल्या तीन सेकंदांत पाणवनस्पतीच्या बुडख्यात शिरायला बघते. तिथे ड्रॅग (रीलचा ब्रेक) ढिला ठेवून "खेळवत" बसू नका. मोकळ्या पाण्यात शिवडा किंवा महसीर लागला तर उलट. ड्रॅग थोडा ढिला ठेवा, पळू द्या.

सोडायचा मासा हात ओले करून धरा, वाळूत लोळवू नका, जबड्याला धरून उभा लटकवू नका. एक हात पोटाखाली. महसीर लागलाच तर सोडून द्या, अशी माझी विनंती. पाण्यात तोंड पुढे करून धरा आणि तो स्वतः निसटेपर्यंत थांबा. पुढेमागे घुसळायची गरज नसते. अपवाद फक्त थाई मांगूर या परदेशी माशाचा. त्याच्या पैदाशीवर देशात बंदी आहे आणि तो स्थानिक मासळी फस्त करतो. तो हाती लागला तर परत पाण्यात टाकू नका.

गळ घशात गेला असेल तर ओढाताण नको, दोर तोंडाजवळ कापा. कापलेली लाइन, गुंता झालेली ब्रेड खिशात घाला. बगळ्यांचे, रोहित पक्ष्यांचे (फ्लेमिंगोंचे) पाय त्यात अडकतात.

## टप्पा ८: वही

पाच गोष्टी रोज लिहा: पातळीचा कल, झाकण किती खोल दिसलं, वारा कुठून, कुठल्या खोलीवर फटका, आणि लूर. लूर मुद्दाम शेवटी. माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी:

"ऑगस्ट, दुसरा आठवडा. दोन दिवसांत पाणी वीतभर वर. झाकण चार बोटांवर गायब. पश्चिमेचा वारा. सकाळभर मोकळ्या पाण्यात स्पून, शून्य. अकराला गुरं राखणारा पोरगा म्हणाला, काका, मागं बघा की. मागे गाळपेराच्या बांधावर कडवळात पाणी हलत होतं. काळा फ्रॉग. पाय ओले न करता दोन मरळी, दोन्ही घोटाभर पाण्यात."